मोठ्या नावांची मालकी कुठवर?

अंतर्वस्त्रांच्या खोक्यावर ‘बेंझ’ हे नाव छापलेले होते. त्याच खोक्यावर एका वर्तुळात एक पुरुष उभा होता. पाय फाकलेले आणि दोन्ही हात वर नेऊन जोडलेले. जोडलेल्या हातांचे एक टोक आणि पायांची दोन, असा तीन टोकांचा तारा बघणाऱ्याच्या नजरेत आपोआप तयार होत होता. मर्सिडीजच्या बॉनेटवर असतो तोच तारा. हा माल विकणाऱ्या हायबो हिंदुस्तानविरुद्ध जर्मनीची डेम्लर-बेंझ दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि १९९३ साली न्यायालयाने अंतर्वस्त्रांवर ते नाव आणि ती आकृती वापरायला मनाई केली.

निकाल योग्यच होता. पण त्यामागचे कारण वाटते तितके सरळ नाही. बनियन मोटारीच्या कारखान्यात शिवले गेले, असे कोणत्या गिऱ्हाइकाला वाटले असेल? त्या खोक्यामुळे मर्सिडीजची एखादी गाडी कमी खपली असेल, हेही संभवत नाही. व्यापारचिन्हांचा कायदा मुळात उभा आहे तो ग्राहकाच्या फसगतीवर. एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर खपवू नये, एवढेच त्याचे जुने सांगणे. इथे कोणी फसलेच नव्हते, मग चुकले काय?

कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे ‘डायल्यूशन’, नाव पातळ होणे. दुधात पहिले भांडे पाणी पडले तर चव फारशी बदलत नाही. दहावे पडल्यावर ते दूध राहत नाही. एकच नाव मोटारीवर, बनियनवर, अगरबत्तीवर आणि कुलुपावर दिसू लागले, की ते ऐकताच मनात एकच वस्तू उभी राहणे थांबते. नाव हलक्या किंवा ओंगळ गोष्टीशी जोडले गेले, तर ते मलिन होते. आणि दोन्हींपैकी काही झाले नाही, तरी दुसऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेल्या पतीचा आयता फायदा उपटला जातो. या तिन्हींपासून संरक्षण मिळायलाच हवे. पण हा अधिकार साध्या व्यापारचिन्हाच्या अधिकारापेक्षा फार मोठा आहे. फसवणूक दाखवण्याची अटच नसल्यामुळे तो एका शब्दावर जवळजवळ संपूर्ण मालकी देतो. म्हणूनच तो मोजक्या नावांना आणि भक्कम पुराव्यावरच मिळायला हवा. भारतातल्या कायद्याच्या मजकुरात ही शिस्त बऱ्यापैकी आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ती सैल पडत चालली आहे.

ही कल्पना जन्मली, तेव्हा तिच्याबरोबर तिची मर्यादाही आखली गेली होती. ओडोल हे जर्मनीतल्या एका माउथवॉशचे नाव. एका कंपनीने ते पोलादी वस्तूंसाठी नोंदवून घेतले. १९२४ मध्ये जर्मन न्यायालयाने ती नोंदणी गैर ठरवली. पोलाद आणि माउथवॉश यांची स्पर्धा नाही, पण ओडोल म्हटल्यावर लोकांच्या मनात जे येते त्याचे मोल कमी होते, असा त्याचा विचार होता. तीन वर्षांनी, १९२७ मध्ये, फ्रँक शेक्टर या अमेरिकी वकिलाने हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये लिहिलेल्या लेखात हा निकाल उचलून धरला. व्यापारचिन्हाची खरी किंमत त्याच्या एकमेवपणात आहे, हे त्याचे प्रतिपादन. मात्र हे जादा संरक्षण त्याला कोडॅकसारख्या मुद्दाम घडवलेल्या किंवा रोल्स-रॉइससारख्या एकाच उत्पादकाशी घट्ट जोडल्या गेलेल्या नावांना हवे होते. ‘स्टार’, ‘ब्लू रिबन’, ‘गोल्ड मेडल’ यांसारखी कोणीही उचलावीत अशी नावे त्याने या कुंपणाबाहेर ठेवली होती. कोडॅक हा शब्द जॉर्ज ईस्टमनने घडवण्यापूर्वी जगातल्या कोणत्याही भाषेत नव्हता, त्यामुळे त्यावरच्या मालकीने कोणाचे काही हिरावले जात नाही. ‘स्टार’ मात्र सगळ्यांचा असतो.

भारताच्या जुन्या कायद्यातही हा विवेक होता. १९५८ च्या कायद्याचे कलम ४७ सुप्रसिद्ध चिन्हांना, ज्या मालावर ती वापरली जात नाहीत त्या मालासाठीही बचावात्मक नोंदणी देत असे, पण चिन्ह नव्याने घडवलेल्या शब्दाचे असेल तरच. त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘कॅल्टेक्स’ नावाच्या घड्याळांचा वाद आला. पेट्रोल विकणारी कॅल्टेक्स घड्याळे बनवत नव्हती. तरी लोकांना दोहोंचा संबंध असल्याचे वाटेल, म्हणून न्यायालयाने घड्याळांसाठी त्या नावाची नोंदणी नाकारली. कॅल्टेक्स हाही घडवलेला शब्द. त्याच उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ‘सेव्हन ओ’क्लॉक’ हे दाढीच्या ब्लेडचे नाव टूथब्रशवर लावायला मनाई केली.

आडनावांचा प्रश्न त्याहून नाजूक. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवला, १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुढच्या पिढ्यांनी पंप, इंजिने, यंत्रे यांच्यावर ते आडनाव कोरले. ‘किर्लोस्कर डिझेल रिकॉन’ या वेगळ्या कंपनीने ते नाव वापरले, तेव्हा आपलेच आडनाव वापरण्याचा हक्क हा बचाव पुढे आला. १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. किर्लोस्कर हे नाव आता एका उद्योगसमूहाची ओळख झाले आहे, आणि व्यवसाय वेगळा असला तरी लोक संबंध जोडणारच, असे न्यायालयाला वाटले. महिंद्र समूहाच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयानेही २००१ मध्ये ‘महेंद्र अँड महेंद्र’ या पेपर मिलला त्याच तर्काने रोखले. हे निकाल पटतात, कारण त्यांच्यामागे दशकानुदशकांचा प्रत्यक्ष व्यवहार होता. आडनाव एकाच उद्योगाशी जोडले गेल्याचा पुरावा समोर होता.

असे संरक्षण फक्त बड्या कंपन्यांच्या कामी येते, हा समजही खरा नाही. ‘अमूल’ नावाच्या मेणबत्त्या बाजारात आल्या, तेव्हा २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाकडून मनाई मिळवली ती खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांच्या सहकारी संघाने. १९४६ पासून दुधाच्या थेंबाथेंबाने उभी राहिलेली ती पत मेणबत्त्यांच्या व्यापाऱ्याने फुकटात का घ्यावी?

जुन्या कायद्याच्या जागी आला १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. त्याचे कलम २९(४) या विषयाचा गाभा आहे. चिन्हाला भारतात लौकिक असावा, प्रतिवादीचा वापर योग्य कारणाविना असावा, आणि त्यातून अनुचित फायदा घेतला जात असावा किंवा चिन्हाच्या वेगळेपणाला अथवा लौकिकाला बाधा येत असावी, अशा अटी त्यात आहेत. म्हणजे नुसते नाव सारखे असणे पुरेसे नाही. पण याच कायद्याने जुनी ‘घडवलेला शब्द’ ही अट सोडून दिली. शिवाय चिन्ह सुप्रसिद्ध ठरण्यासाठी ते सर्व जनतेला ठाऊक असण्याची गरज नाही. त्या मालाशी संबंधित लोकांच्या एखाद्या वर्गाला ठाऊक असले तरी चालते. भारतात ते वापरात असलेच पाहिजे, अशीही अट निबंधक घालू शकत नाही. अमेरिकेने २००६ मध्ये आपला कायदा सुधारताना नेमके उलटे केले. तिथे देशभरातल्या सर्वसामान्य ग्राहकांत चिन्हाची ओळख असेल, तरच डायल्यूशनचा दावा करता येतो. मूठभर जाणकारांत गाजलेले नाव तिथे या कुंपणात शिरत नाही.

दार रुंद ठेवायचे असेल, तर आत येणाऱ्याची तपासणी कसून हवी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आयटीसी विरुद्ध फिलिप मॉरिस या खटल्यात ती केली. आयटीसीच्या वेलकमग्रुप हॉटेलांचे चिन्ह म्हणजे नमस्काराचे जोडलेले हात. मार्लबोरो सिगारेटच्या नव्या पाकिटावरची ज्वालेसारखी आकृती त्याच्याशी जुळते, असे आयटीसीचे म्हणणे होते. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी मनाई नाकारली. चिन्ह आणि माल दोन्ही तेच असताना कायदा ग्राहकाचा संभ्रम गृहीत धरतो. कलम २९(४) मध्ये असे कोणतेही गृहीतक नाही, त्यामुळे हानी वादीनेच दाखवायची, आणि दोन चिन्हांतले साम्यही जास्त जवळचे असायला हवे, अशी त्यांनी मांडणी केली. ही कसोटी प्रत्येक न्यायालयाने लावायला हवी.

पुरावा मागितला की चित्र कसे बदलते, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसते. केंटकीमधल्या एलिझाबेथटाउन या छोट्या गावात एका जोडप्याने १९९८ मध्ये दुकान काढले. नाव ‘व्हिक्टर्स सीक्रेट’. अंतर्वस्त्रे विकणाऱ्या व्हिक्टोरियाज सीक्रेट या कंपनीने हरकत घेतल्यावर त्यांनी त्याचे ‘व्हिक्टर्स लिटल सीक्रेट’ केले. या दुकानाची जाहिरात कंपनीकडे पाठवली होती एका लष्करी अधिकाऱ्याने. एका प्रतिष्ठित नावाचा असा वापर त्याला खटकला होता. प्रकरण २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले, तेव्हा न्यायालयाने नेमके याच माणसाकडे बोट दाखवले. जाहिरात पाहून त्याला राग आला तो त्या दुकानाचा. व्हिक्टोरियाज सीक्रेटविषयीचे त्याचे मत तसूभरही बदलले नव्हते. मग नाव पातळ झाल्याचा पुरावा कोणता? २००६ च्या दुरुस्तीने तिथे प्रत्यक्ष हानीऐवजी हानीची शक्यता पुरेशी ठरवली, आणि पुढे २०१० मध्ये ते जोडपे हरलेही. तरी न्यायालयाने विचारलेला प्रश्न आजही बिनतोड आहे. युरोपीय न्यायालयानेही इंटेलच्या २००८ च्या खटल्यात म्हटले, की धाकटे चिन्ह पाहून थोरले आठवले एवढ्याने भागत नाही. थोरल्या चिन्हाच्या ग्राहकाची खरेदीची वागणूक बदलली, किंवा बदलण्याची गंभीर शक्यता आहे, हे दाखवले पाहिजे.

शब्द सर्वांचा असेल, तर ही कसोटी आणखी कडक हवी. कर्नाटकच्या सहकारी दूध महासंघाचे ‘नंदिनी’ दूध १९८५ पासून बाजारात आहे. बंगळुरूतल्या ‘नंदिनी डिलक्स’ उपाहारगृहाने १९८९ मध्ये ते नाव घेतले. महासंघाने हरकत घेतली आणि उच्च न्यायालयात तो जिंकला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. नंदिनी हे देवीचे आणि पुराणातल्या गाईचे नाव, कोणा एकाने घडवलेले नव्हे. दोघांच्या चिन्हांची ठेवणही वेगळी. दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून उपाहारगृहाला नोंदणी मिळाली. ज्या देशात दर दुसरे दुकान गणेश, लक्ष्मी, अंबिका किंवा साई या नावाने उघडते, तिथे हा निकाल प्रत्येक गावच्या बाजारपेठेसाठी महत्त्वाचा आहे. दैवतांची, नद्यांची, गुणांची नावे एखाद्या मोठ्या कंपनीने प्रसिद्ध केली, म्हणून ती भाषेतून उचलून तिच्या खात्यावर जमा होत नाहीत.

काळाचा प्रश्न याहून अवघड. प्रसिद्धी हवी कुठली आणि कधीची? टोयोटाने प्रियस ही संकरित इंजिनाची गाडी जपानमध्ये १९९७ ला आणली. भारतात प्रियस नावाने मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी २००१ पासून ते नाव वापरत होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टोयोटाच्या विरोधात कौल दिला. जगात नाव गाजत असेल, पण त्या वेळी भारतातल्या ग्राहकांत त्याची पुरेशी पत तयार झाली होती, हे सिद्ध झाले नव्हते.

पुणेकरांना याच प्रश्नाचे दुसरे रूप ठाऊक आहे. कॅम्पातले ‘बर्गर किंग’ १९९२ पासूनचे. त्याच नावाच्या अमेरिकी साखळीने भारतात पहिले दुकान उघडले २०१४ मध्ये, पण दावा लावला होता २०११ मध्येच. नावाची नोंदणी आपली आहे आणि लौकिक जगभर आहे, हे तिचे म्हणणे. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दावा फेटाळला: पुण्यातले दुकान कंपनीच्या भारतातल्या दुकानांच्या कितीतरी आधीचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या दुकानाला ते नाव वापरण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. दोघेही बर्गरच विकतात, म्हणून तांत्रिकदृष्ट्या हा डायल्यूशनचा खटला नाही. पण सुप्रसिद्धीच्या युक्तिवादाची ताकद किती आणि त्याने नुकसान कोणाचे होऊ शकते, हे यात लख्ख दिसते. एका बाजूला जगभर पसरलेली कंपनी, दुसऱ्या बाजूला एका शहरातले दुकान. आणि दावा लावल्यापासून पहिल्या निकालापर्यंत तेरा वर्षे.

नांदेडच्या क्युटिस बायोटेकच्या वाट्याला तर उलटा प्रवाह आला. ‘कोविशिल्ड’ या नावासाठी तिने एप्रिल २०२० मध्ये अर्ज केला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा अर्ज जूनचा. लस देशभर पोचली, तसे हे नाव काही आठवड्यांत घरोघरी झाले. क्युटिसने दावा लावला, पण पुण्याच्या न्यायालयात आणि एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही तिला अंतरिम मनाई मिळाली नाही. लसीचे नाव मध्येच बदलले तर लसीकरणात गोंधळ उडेल, हे कारण महामारीच्या ऐन भरात नाकारता येण्याजोगे नव्हते. तरी एक गोष्ट उरतेच. प्रसिद्धी आता दशकांत नव्हे, आठवड्यांतही मिळू शकते, आणि लहान व्यावसायिकाचा आधीचा वापर तिच्यापुढे सहज झाकोळतो. प्रसिद्धी हाच हक्काचा पाया मानला, तर जाहिरातीवर जास्त खर्च करणारा जिंकणार.

सगळ्यात मोठा धोका आहे तो टीकेला. ओडिशातल्या धामरा बंदराविरुद्ध ग्रीनपीसने संगणकावरचा एक खेळ काढला होता. पॅक-मॅनच्या धर्तीवर त्यात एक कासव ठिपके खात पळते आणि टाटांच्या बोधचिन्हाच्या राक्षसांपासून जीव वाचवते. ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीच्या किनाऱ्याला बंदरामुळे धोका आहे, हे सांगणे हा त्यामागचा हेतू. टाटा सन्सने बोधचिन्ह मलिन झाल्याची तक्रार करत दहा कोटी रुपयांची भरपाई मागितली. जानेवारी २०११ मध्ये, पुन्हा न्यायमूर्ती भट यांनीच, खेळ बंद करण्याची मागणी नाकारली. सार्वजनिक प्रश्नावर बोलताना कंपनीचे चिन्ह वापरणे म्हणजे माल खपवणे नव्हे. त्या चिन्हाशिवाय टीका कोणावर आहे हेच कळणार नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००५ मध्ये आणखी स्पष्ट रेघ ओढली. ‘लाफ इट ऑफ’ नावाच्या छोट्या कंपनीने कार्लिंग ब्लॅक लेबल बिअरच्या लेबलची हुबेहूब रंगसंगती टी-शर्टवर उतरवली, पण ‘ब्लॅक लेबल’च्या जागी ‘ब्लॅक लेबर’ आणि ‘कार्लिंग बिअर’च्या जागी ‘व्हाइट गिल्ट’. खाली बारीक अक्षरांत १६५२ पासूनच्या शोषणाचा उल्लेख. डच केपच्या किनाऱ्यावर उतरले ते हे साल. बिअर कंपनी खालच्या न्यायालयांत जिंकली होती. संविधान न्यायालयाने विचारले, या टी-शर्टमुळे बिअरचा खप घटण्याची शक्यता दाखवणारा पुरावा कुठे आहे? तो नव्हता. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि व्यापारचिन्ह समोरासमोर आले, तर आर्थिक हानीची खरी शक्यता दाखवल्याशिवाय चिन्ह जिंकणार नाही, असा तो निकाल.

भारतात अशी रेघ एखाद-दुसऱ्या निकालात आहे. रोजच्या कामकाजात ती पुसट होते. २०१७ च्या नियमांतल्या नियम १२४ नुसार एक लाख रुपये शुल्क भरून कोणालाही आपले चिन्ह सुप्रसिद्ध ठरवून घेण्यासाठी निबंधकाकडे अर्ज करता येतो. आम जनतेच्या हरकती मागवण्याची तरतूद आहे, पण तीस दिवसांत हरकत घ्यायला चाळीसगावचा दुकानदार येणार कुठून? साधी नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण मागते. सुप्रसिद्धीच्या शिक्क्याला मुदतच नाही. समर्थन उरले नाही तर निबंधक नाव यादीतून काढू शकतो, पण ठरावीक काळाने तपासणी करण्याचे बंधन नाही. न्यायालयांतही, प्रतिवादी हजरच न झालेल्या खटल्यांत वादीची कागदपत्रे वाचून चिन्ह सुप्रसिद्ध जाहीर होते. दुसरी बाजू ऐकलीच न गेलेला असा निकाल पुढच्या प्रत्येक खटल्यात आधार म्हणून पुढे केला जातो. आणि लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत लढाई बहुतेक वेळा न्यायालयापर्यंत जातच नाही. वकिलाची नोटीस आली, की तो पाटी उतरवतो.

यावर उपाय कायदा रद्द करणे नाही. बेंझची बनियने आणि अमूलच्या मेणबत्त्या रोखण्यासाठी तो लागणारच. गरज आहे ती चार गोष्टींची. सुप्रसिद्ध दर्जालाही दहा वर्षांनी नूतनीकरण आणि नव्याने पुरावा हवा. प्रतिवादी गैरहजर असताना हा दर्जा जाहीर करू नये. फार तर त्या खटल्यापुरती मनाई द्यावी. भाषेतले आणि पुराणातले शब्द असतील, तर हानीचा पुरावा अधिक कसून मागावा. विडंबन आणि टीका यांना संरक्षण देणारे स्पष्ट कलम कायद्यात असावे. आज ते न्यायाधीशाच्या समजुतीवर सोडलेले आहे.

तोवर लहान व्यावसायिकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. कलम ३४ आधीपासूनच्या वापराला संरक्षण देते, म्हणून पहिली पावती, पहिली जाहिरात, दुकानाचा पहिला परवाना जपून ठेवावा. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम १४२ खाली दावा करता येतो आणि भरपाईही मागता येते. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. पाटी उतरवण्यापूर्वी एकदा जाणकार वकिलाला नोटीस दाखवावी. आणि सुप्रसिद्ध चिन्हांची यादी ठेवणाऱ्या मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीने प्रत्येक नावासमोर ते कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या मालासाठी यादीत आले, हे लोकांना वाचता येईल असे छापावे. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, आणि हे काम लगेच सुरू करता येईल.